एक मात्रा

श्राद्धाचा मंडप होता, लोकताक सरोवराच्या काठी.
पौषातलं धुकं आत शिरून
आमच्या पांढऱ्या फेट्यांना चिकटलेलं.
माझ्या छातीशी पुंग,
उजवीकडे करताळ घेऊन गौरमणी,
एरवी कौन्याच्या चटया विणणारा,
आणि मागे पोरं, आवाज नुकते फुटलेली.

ज्या म्हाताऱ्याचं श्राद्ध, तो मला कधी आवडला नाही.
मंडपात असलं आठवू नये म्हणतात.
मी आठवत नव्हतो. मी मात्रा मोजत होतो.
चाळीस वर्षं मोजतोच आहे,
जेवताना, होडी वल्हवताना,
बायको काही सांगत असताना.

सातव्या आवर्तनाला गौरमणीचा टाळ
एक मात्रा उशिरा पडला.
एकच. पापणी लवेल एवढी.
पण भातातल्या खड्यासारखी
ती माझ्या दाताखाली आली.

विसावा होता. पाणी फिरत होतं.
मी पाण्याचा घोट घेतला, आणि सगळ्यांदेखत म्हणालो,
"ज्याच्या हाताला ताल नाही
त्यानं चटया विणाव्यात.
हरीला कशाला त्रास?"

पोरं हसली.
हसू त्यांचं, पण दार मी उघडलेलं.
गौरमणी म्हणाला, "खरं आहे, ओजा,"
आणि करताळाची दोरी बोटाला
पुन्हा एकदा गुंडाळू लागला,
गुंडाळलेली असूनही.

शेवटी रिवाजाप्रमाणे
सगळे सगळ्यांपुढे आडवे झाले.
मीही झालो. त्याच्याही पुढे.
कपाळ जमिनीला लागलं.
आतला माणूस उभाच होता.

रात्री इबेमहल चूल सारवत होती.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"थाम्बाल लोटांगण घालायला आली होती,
त्या म्हाताऱ्याची बायको.
गुडघे गेलेत तिचे. खाली गेली ती उठेचना.
डोकं थेट गौरमणीच्या हाताखाली.
ती सरकेपर्यंत थांबला तो.
तुम्ही कुठं बघत होता?"

"तालाकडे," मी म्हणालो.

"ताल दिसतो का?"

तिनं पोतेरं पिळलं आणि ती झोपायला गेली.

देवाचा अपराध देवापाशी मिटतो.
भक्ताचा मिटवायला
देवाच्याही हातात काही नसतं,
त्या भक्ताच्याच दारी जावं लागतं.
हे मी स्वतः कितीदा पोरांना सांगितलंय,
बसल्या जागेवरून.
आता दार दोन कोसांवर होतं
आणि मध्ये पाणी.

केळीच्या पानावर विडा, सुपारी घेऊन निघालो.
होडीत वाक्यं जुळवत गेलो, चांगली वजनदार वाक्यं.
तो कमरभर पाण्यात कौना कापत होता.
मला बघून विळा खाली केला.
माझी वाक्यं कुठल्या तरी वेलींत अडकून राहिली.
"चुकलो," एवढंच निघालं,
आणि मी होडीतच गुडघ्यावर आलो,
तर होडी कलंडायला लागली.
त्यानं काठ धरला.

"पण ताल चुकलाच होता, ओजा," तो म्हणाला.
"रात्रभर विचार करतोय.
माणूस उठेपर्यंत थांबायचं
आणि तालही राखायचा,
असं काहीतरी असेलच ना?
ते शिकवा."

मला ते येत नाही.
तसं मी त्याला सांगितलं,
पलीकडच्या होडीतल्या कोळ्यानं
मान वळवली, इतक्या मोठ्यानं.

गौरमणीनं ओल्या हातानं सुपारी फोडली,
अर्धी मला दिली.
नंतर बराच वेळ आम्ही कौन्याच्या भावाबद्दल बोललो.

परवा तालमीत एक पोरगा म्हणाला,
"ओजा, चढ्या लयीत तुमचा डावा हात मागे राहतो."
रक्त सरळ कानशिलात आलं.
काल जन्मलेलं पोर!
तोंडात पान होतं म्हणून वाचलो.
चावत राहिलो. चावत राहिलो.
किती वेळ, मोजलं नाही.
मग विचारलं,
"कुठल्या आवर्तनाला?"